दात हलतात, म्हणजे हाडं ठिसूळ झाली का?

प्रश्न : वय 58, निपाणी. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. खालचे दोन दात हलतात, ब्रश करताना रक्त येतं. शेजारीण म्हणते, हाडं ठिसूळ झालीत. खरं का?

उत्तर : ताई, नुसत्या हलणाऱ्या दातांवरून तसं ठरवू नका. हिरडीखाली कीटण साचलं की सूज येते. ती सूज हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेतवते, दाताभोवतीचं हाड झिजतं आणि दात हलतो. दुसरीकडे, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि सगळ्याच हाडांची घनता उतरते. जबडाही त्यातून सुटत नाही. हे दोन्ही आजार एकत्र आढळतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण एकामुळेच दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही, कारण वाढतं वय आणि तंबाखू दोन्हींना पोसतात.

आधी दातांच्या डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घ्या, दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजून घ्या. निरोगी हिरडीत ती साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असते. साध्या पडण्यानं मनगट मोडलं असेल किंवा आई-वडिलांचा खुबा मोडला असेल, तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणीही करा. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली आला, तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा.

मिश्री लावता का, ते तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडे कित्येक घरांत ती दात घासायचीच वस्तू समजतात, म्हणून कळकळीनं सांगते: मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यानं हिरड्या घट्ट होत नाहीत, उलट मागे सरकतात. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. आजच सोडा.

प्रश्न : आईला हाडांसाठी आठवड्याची गोळी चालू आहे. आता दाढ काढायचीय. गोळी बंद करू का? (खानापूर)

उत्तर : मनानं बंद करू नका. अलेंड्रोनेटसारख्या हाडांच्या गोळ्यांवर असताना दाढ काढल्यावर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो, पण हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या डोसमध्ये तो क्वचितच. दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव आणि किती वर्षं चालू आहे ते सांगा, हाडांच्या डॉक्टरांनाही विचारा. गोळीऐवजी हाडांसाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल, तर ते लांबवणं जास्त घातक. मणके मोडू शकतात.

प्रश्न : कॅल्शियमच्या गोळ्यांनी दात घट्ट होतील? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : नाही. नाचणीची भाकरी, दूध जरूर घ्या, पण हिरडीखालचं कीटण डॉक्टरांनीच काढावं लागतं. साफ केल्यावर फट दिसली तर घाबरू नका. ती आधीचीच, कीटणानं बुजलेली होती.