यूकेला येताय ना, मग तो करंटवाला टॉर्च घरीच ठेवा

तुम्ही विचारलंय की बायकोची नाइट शिफ्ट असणार, म्हणून पेपर स्प्रे आणि तो करंट मारणारा टॉर्च बॅगेत टाकू का, आणि पकडलंच तर 'वर अपील करता येतं ना'. मी लेस्टरला राहते, कोर्टात दुभाष्याचं काम करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे स्प्रे उघड विकत मिळतो, इथे तो १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ मध्ये येतो, म्हणजे बंदुकीच्याच पंगतीत. नुसत्या स्प्रेला अमुक एक किमान शिक्षा ठरलेली नाही, पण करंटवाली वस्तू टॉर्च किंवा मोबाइलसारखी दिसत असली की ती लपवलेलं हत्यार धरली जाऊ शकते आणि मग किमान ५ वर्षं, गुन्हा कबूल केला तरी त्याखाली नाही. कुठलं पोटकलम लावायचं, म्हणजे नुसती करंटवाली वस्तू धरायची की लपवलेलं हत्यार, ते सरकारी वकिलाच्या हातात. 'बेकायदा आहे हे माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही.

आता अपील. आपल्या डोक्यात काय असतं, हायकोर्टात अपील टाकलं, शिक्षेला स्थगिती, माणूस जामिनावर घरी. इथे क्राउन कोर्टाच्या, म्हणजे गंभीर गुन्हे चालतात त्या कोर्टाच्या, शिक्षेविरुद्ध जायला आधी परवानगीच मागायची, तीही २८ दिवसांत, कारणं लेखी देऊन, मग एक जज कागद वाचून ठरवतो, तो नाही म्हणाला तर बेंचपुढे पुन्हा मागता येते पण अर्जात दम नाही असं वाटलं तर आत काढलेले काही दिवस शिक्षेत धरू नका असाही हुकूम होऊ शकतो. तोवर माणूस आतच, जामीन क्वचित.

आणि किमान ५ वर्षांच्या केसमध्ये 'शिक्षा जास्त झाली' एवढं पुरत नाही, आकडा संसदेनं ठरवलाय, 'अपवादात्मक परिस्थिती' दाखवावी लागते. २००५ मध्ये एकाची शिक्षा कमी झाली होती, पण पहिलाच गुन्हा आणि कबुली एवढ्यावर अपवाद होतोच असं नाही. एकदा अशाच अपिलात वकील पाऊण तास बोलला, आणि शिक्षा झालेल्या मुलाच्या आईला मी मराठीत सांगितलं ते एवढंच, 'नाही म्हणाले'.

बरं, अपील जिंकून ५ ची ३ झाली तरी व्हिसावाल्याला काय? २००७ च्या कायद्यानं १२ महिने किंवा जास्त शिक्षा झाली की काही अपवाद सोडले तर डिपोर्टेशन ठरलेलंच.

वहिनींसाठी पर्सनल अलार्म घ्या, पिन ओढली की कर्कश्श वाजतो, कायद्याची कटकट नाही. आणि घरातला टॉर्च एकदा नीट बघा, काचेच्या कडेला धातूची दोन टोकं असली तर तोच तो.