थोंगांचा मुलूख कोणता?

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेविषयी वाचताना थोंगा, त्सोंगा आणि शांगान अशी तीन नावे आढळतात. हे लोक एकच का? त्यांचा मूळ प्रदेश कोणता, आणि झुलूंच्या शेजारी राहूनही त्यांची संस्कृती वेगळी का मानली जाते?

उत्तर : ही नावे एकमेकांत मिसळली असली तरी समानार्थी नाहीत. स्विस मिशनरी आंरी झुनो यांनी १९१२-१३ मध्ये या समाजाचे दोन खंडांत वर्णन केले, तेव्हा उत्तरेकडील, मोझांबिकमधल्या सावे नदीपासून दक्षिणेकडे दक्षिण आफ्रिकेतील आजच्या क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या किनाऱ्यापर्यंत राहणाऱ्या रोंगा, ह्लेंग्वे, त्श्वा अशा अनेक गटांना त्यांनी ‘थोंगा’ या एकाच नावाखाली आणले. ‘त्सोंगा’ हे नाव आज लोक आणि त्यांची भाषा या दोन्हींसाठी रूढ आहे. ‘शांगान’ हे नाव एकोणिसाव्या शतकात आजच्या मोझांबिकमध्ये गाझा नावाचे राज्य उभारणाऱ्या सोशांगाने या न्गुनी (झुलू ज्यात मोडतात त्या समूहातील) राजावरून आले, म्हणून सर्वच थोंगांना शांगान म्हणणे मला योग्य वाटत नाही.

वेगळेपणाचे कारण बऱ्याच अंशी या भूमीतच आहे. लेबोंबो डोंगर आणि हिंदी महासागर यांच्यामधला हा सखल, वाळूचा आणि सरोवरांचा पट्टा. त्सेत्से माशीमुळे गुरे जगवणे इथे कठीण होते आणि जी जगली, तीही स्वाऱ्यांमध्ये लुटली जात. त्यामुळे वधूमूल्य, म्हणजे ‘लोबोलो’, काही काळ गुरांऐवजी लोखंडी कुदळींच्या रूपात दिले जाई. झुलूंमध्ये मासे खाणे परंपरेने निषिद्ध होते. थोंगांचे जगणे मात्र मासे, शेती आणि ताडीसारखी इलाला पामची मद्ये यांवर उभे राहिले.

क्वाझुलू-नाताळच्या उत्तर टोकाला, मोझांबिकच्या सीमेजवळ असलेल्या कोसी सरोवरांच्या उथळ पाण्यात आजही दिसणारे मासे पकडण्याचे कुंपण हे त्याचे सर्वांत देखणे रूप आहे. काठ्या रोवून, वेलींनी बांधून वळणदार भिंत केली जाते. तिच्या कडेने सरोवरातून समुद्राकडे निघालेला मासा एका गोलाकार कोंडाळ्यात शिरतो, आणि तोंडाशी आतल्या बाजूला वळवलेल्या काड्यांमुळे त्याला परतता येत नाही. लहान मासे फटींतून निसटतात. ही कुंपणे कुटुंबाच्या मालकीची असून वारशाने पुढे जातात. कोणी कोठे काठी रोवायची हे त्यामुळे ठरलेले असते.

या मुलखाचे तुकडे बाहेरच्यांनी केले. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यातील डेलागोआ उपसागराचा (आजच्या मापुटो उपसागराचा) वाद फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्माओं यांच्याकडे गेला आणि त्यांच्या १८७५ च्या निवाड्याने आखलेल्या रेषेने टेंबे या थोंगा घराण्याचे राज्य दुभंगले. उत्तरेचा भाग आज मोझांबिकमध्ये, दक्षिणेचा दक्षिण आफ्रिकेत आहे. ज्यांच्या शेतावरून ती रेषा गेली, त्यांना कोणी विचारले नव्हते, याची चीड अजूनही येते. दक्षिणेच्या भागात पुढे पुरुष झुलू बोलू लागले. थोंगा बोली मात्र बराच काळ बायकांच्या तोंडी टिकून राहिली.