नवीन फ्लाइट मिळाली, पण तिकीट बदललं का?

तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये लिहिलंय की पहिलं विमान उशिरा पोचल्यामुळे पुढचं चुकलं, ट्रान्सफर डेस्कने (मधल्या विमानतळावर पुढचं विमान बदलून देणाऱ्या काउंटरने) दुसऱ्या दिवशीची फ्लाइट दिली, हातात कागदही आला, आणि गेटवर मात्र "तुमचं नाव दिसतंय, पण तिकीट नाही" असं सांगून बाजूला उभं केलं. आता आईंना घेऊन पुन्हा त्याच मार्गाने जायचंय, मधे १ तास २५ मिनिटं आहेत, आणि या वेळी उशीर झाला तर काय करायचं असं विचारताय. "नाव आहे, तिकीट नाही" वाचलं आणि राहवलं नाही. अगदी हेच शब्द मीही गेटवर ऐकले आहेत. पुढची सीट घ्या, गेट आधी बघून ठेवा, फोन चार्ज ठेवा, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून त्यात शिरत नाही.

मी विमान कंपनीत काम करत नाही, वकीलही नाही. जे कळलंय ते भोगून आणि नंतर तिकिटांचं काम करणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीला खोदून खोदून विचारून कळलंय. कंपनीगणिक पद्धती बदलतात, हे लक्षात ठेवून वाचा.

बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ तिथेच होतो. बुकिंग म्हणजे तो सहा अक्षरी पीएनआर. कुठल्या फ्लाइटवर तुमची जागा धरली आहे एवढंच त्यात असतं. तिकीट म्हणजे १३ आकडी नंबर. त्यातले पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे असतात, आणि त्या नंबराखाली प्रत्येक उड्डाणाचं एक कूपन असतं, म्हणजे ते उड्डाण वापरायचा परवाना. २००८ च्या जूनपासून कागदी तिकिटं गेली, पण कूपनाची व्यवस्था संगणकात तशीच चालू आहे. कनेक्शन चुकलं की डेस्कवरचा माणूस बुकिंगमध्ये नवीन फ्लाइट घालतो. इथपर्यंत दोन मिनिटांचं काम. पण तुमचं कूपन अजून निघून गेलेल्या विमानालाच जोडलेलं असतं. ते सोडवून नव्या फ्लाइटला जोडावं लागतं. काही वेळा त्यासाठी तिकीट रीइश्यू होतं आणि नवा नंबर मिळतो, काही वेळा जुन्याच नंबरावर ते रीव्हॅलिडेट होतं. ही पायरी राहून गेली तर ॲपमध्ये नवी फ्लाइट "कन्फर्म्ड" दिसते, छापील कागद मिळतो, मेसेजही येतो, पण गेटवरच्या संगणकाला वापरण्याजोगं कूपन सापडत नाही. गेटवरच्या बाईंचा त्यात काहीच दोष नसतो. कूपन नसताना त्यांना तुम्हाला आत घेताच येत नाही.

माझ्या वेळी तिकीट एकच होतं, पण कंपन्या दोन. पहिलं उड्डाण जिने तिकीट काढलं तिचं, दुसरं तिच्या भागीदार कंपनीचं. पहिलं विमान उशिरा पोचलं. डेस्कसमोर लांबलचक रांग. माझी पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी भराभर टाइप केलं, एक कागद काढून दिला, त्यावर फ्लाइट नंबर आणि वेळ. सीट नंबर नव्हता. विचारलं तर "गेटवर मिळेल" म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं. दुसऱ्या दिवशी गेटवर तुमच्यासारखीच अवस्था झाली. दुसऱ्या कंपनीने सांगितलं, तिकीट ज्यांनी काढलं त्यांच्याकडे जा. त्या कंपनीचं काउंटर सुरक्षा तपासणीच्या बाहेरच्या बाजूला होतं, आणि व्हिसा नसल्यामुळे मला बाहेर पडता येत नव्हतं. फोन लावला तर कॉल सेंटर म्हणालं, कूपन विमानतळाच्या ताब्यात आहे, आम्हाला इथून हात लावता येत नाही, विमानतळावरच्या माणसाला सांगा. विमानतळावरचा माणूस म्हणाला कॉल सेंटरला सांगा. ही टोलवाटोलवी चालू असताना समोरच्या गेटवरून विमान गेलं. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांच्या कार्यालयांतल्या एकाही माणसाने "मी बघतो" एवढे दोन शब्द उच्चारले नाहीत, याचा राग मला आजही येतो. सोबत कोणी वयस्कर असतं तर काय केलं असतं याचा विचारही करवत नाही. शेवटी पाळी बदलल्यावर आलेल्या एका सुपरवायझरने स्क्रीनकडे पाहिलं, "रीइश्यू केलंच नाहीये" म्हणाली आणि तिथल्या तिथे करून दिलं.

पण सर्वांत मोठा फटका तो नव्हता. जे विमान मला घेता आलं नाही त्यावर माझी नोंद "नो-शो" अशी झाली होती. प्रवासी एखाद्या टप्प्याला आला नाही असं दिसलं की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द करायची पद्धत बऱ्याच कंपन्यांत आहे. माझा परतीचा प्रवास असाच उडाला होता, आणि मला ते परतीच्या चेक-इनच्या वेळी कळलं. तेव्हा पुन्हा तीच दोन कार्यालयं, पुन्हा तेच एकमेकांकडे बोट. नवं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागलं. त्या पैशांसाठी पुढे केलेल्या पत्रव्यवहाराला उत्तरं आली ती सगळी साच्यातली, प्रश्न न वाचता दिलेली.

म्हणून माझं ठाम मत आहे की डेस्कवर नवीन फ्लाइट मिळाली की लगेच बाजूला व्हायचं नाही. मागची रांग कुरकुरली तरी चालेल. शांतपणे विचारायचं, "तिकीट रीइश्यू झालं का? कूपन या नवीन फ्लाइटला जोडलं गेलंय ना? परतीचे टप्पे शाबूत आहेत ना?" हे शब्द वापरले की समोरच्याला कळतं की तुम्हाला काय हवंय, आणि बहुतेक वेळा तो मुकाट्याने पुन्हा स्क्रीनकडे वळतो. नवा नंबर असेल तर लिहून घ्या. जुनाच असेल तर त्यावर नवी फ्लाइट दिसतेय असा प्रिंट किंवा ईमेल मागा. नव्या फ्लाइटचा सीट नंबर असलेला बोर्डिंग पास तिथेच निघाला तर फारच उत्तम, कारण चेक-इन व्हायला सहसा कूपन जागेवर असावं लागतं. दुसऱ्या दिवशीच्या फ्लाइटचं चेक-इन अजून उघडलेलं नसलं तर पास मिळणार नाही, त्यात काही काळंबेरं नाही, पण मग तिकिटाची खात्री दुप्पट करून घ्या. नुसत्या फ्लाइट नंबराच्या कागदावर मी यापुढे कधीच विसंबणार नाही.

दोन कंपन्या असतील तर दोघींचे पीएनआर वेगळे असू शकतात. तिकिटावर छापलेला एक असतो आणि दुसऱ्या कंपनीच्या संगणकात दुसरा. तो आत्ताच, घरी बसून, फोन करून मागून घ्या. त्या कंपनीच्या साइटवर तो घालून बुकिंग उघडतंय का बघा. उशीर झाल्यावर हा नंबर शोधत बसणं म्हणजे जिवाला घोर.

आता आईंबद्दल. व्हीलचेअर मागितली आहे असं तुम्ही लिहिलंय, पण कोणत्या प्रकारची ते लिहिलं नाही. बुकिंगमध्ये तीन संकेत असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब अंतर चालवत नाही पण जिना चढता येतो, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढवत नाही, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत पोचवावं लागतं. विमान टर्मिनलला जोडणाऱ्या पुलाला न लागता लांब उभं राहिलं तर शिडी असते, आणि तिथे या फरकाने फार फरक पडतो. युरोपातल्या नियमाप्रमाणे ही मदत ४८ तास आधी कळवायची असते, आणि मी म्हणेन जगात कुठेही तेवढी आधी कळवाच. फ्लाइट बदलली की व्हीलचेअरची नोंद नव्या फ्लाइटवर आपोआप जाईलच असं नाही. तिकिटाचं विचारताना हेही त्याच दमात विचारा. आणि व्हीलचेअरचे प्रवासी बहुधा सगळ्यांत शेवटी उतरवतात, म्हणून उशीर झाला असेल तर उतरायच्या बराच आधी केबिन क्रूला पुढच्या फ्लाइटची वेळ सांगा. त्या कधीकधी पुढे कळवतात, मदतनीस दारातच उभा मिळतो. नेहमी होईल असं नाही, पण सांगायला काहीच लागत नाही.

१ तास २५ मिनिटं पुरतील का हेही विचारलंय. विमानतळागणिक कनेक्शनची एक किमान वेळ ठरलेली असते आणि कंपनी त्यापेक्षा कमी वेळाचं कनेक्शन एका तिकिटावर सहसा विकत नाही. व्हिएन्नाला ती २५ मिनिटांपर्यंत खाली येते, फ्रँकफर्टला ४५. पण पहिलं विमान वेळेवर आलं असं धरून हा हिशेब केलेला असतो. पोचायची वेळ म्हणजे विमान जागेवर थांबण्याची वेळ, दार उघडून तुम्ही बाहेर येण्याची नव्हे. दुसऱ्या बाजूला गेट उड्डाणाच्या १५-२० मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे तुमच्या ८५ मिनिटांतली हातात राहतात साधारण ५०, व्हीलचेअर धरली तर त्याहून कमी. मधे सुरक्षा तपासणी किंवा इमिग्रेशन असेल तर मला हे कनेक्शन पटत नाही. बदलता येत असेल तर आत्ताच पुढची फ्लाइट मागा. ज्यांना धावता येतं त्यांच्याबद्दल माझं मत वेगळं असतं.

पहिलं विमानच इतकं उशिरा सुटणार असं कळलं की कनेक्शन जाणारच आहे, तर माझ्या मते त्यात बसण्याआधी, निघायच्याच विमानतळावर काउंटरला जा आणि दुसऱ्या मार्गाने पाठवा म्हणून आग्रह धरा. "आधी तिथे पोचा, तिथले लोक बघतील" असं हमखास ऐकवलं जातं. ते ऐकू नका. मधल्या विमानतळावर रात्र काढायची वेळ आली आणि त्या देशाचा व्हिसा नसला तर कंपनीने हॉटेल देऊ केलं तरी बाहेर पडता येत नाही, आईंना खुर्चीवर बसून रात्र काढावी लागेल. याउलट निघायच्या ठिकाणी परत घरी तरी जाता येतं. अर्थात पोचण्याची फार निकड असेल तर तुमचा निर्णय वेगळा असू शकतो.

असा घोळ झाला की ॲपवर "रिफंड घ्या" असं बटण येतं. घाबरून ते दाबू नका. पैसे परत घेतले की पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीच्या अंगावरून जाते, आणि त्याच दिवसाचं नवं तिकीट त्या पैशात सहसा मिळत नाही. ॲपने आपोआप दुसरी फ्लाइट सुचवली आणि ती सोयीची असली तर जरूर घ्या, पण नंतर माणसाकडून तिकिटाची खात्री करा. रांगेत उभं असतानाच फोनही लावा, दोन्ही चालू ठेवा.

सामानाचं थोडक्यात. टॅगची पावती जपा, त्यावरचा दहा आकडी नंबर डेस्कवर दाखवून बॅगाही नव्या फ्लाइटला वळवल्या का ते विचारा. पोचल्यावर बॅग नसेल तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवा. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे उशिरा मिळालेल्या बॅगेची लेखी तक्रार ती हाती आल्यापासून २१ दिवसांत करायची असते, मोडतोड असेल तर ७ दिवसांत. औषधं बॅगेत टाकू नका, विशेषतः आईंची.

उशिराच्या भरपाईबद्दल तुमच्या पोस्टखाली कोणीतरी लिहिलंय की ६०० युरो मिळतातच. असं सरसकट नाही. युरोपियन युनियनचा २६१/२००४ हा नियम युनियनमधून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या प्रवासाला लागू होतो, पण बाहेरून युनियनमध्ये येत असाल तर फक्त युनियनमधल्या कंपनीच्या विमानाला. एका बुकिंगमध्ये उशीर मोजतात तो शेवटच्या मुक्कामी, आणि तो तीन तास किंवा जास्त हवा. अंतरानुसार रक्कम २५०, ४०० किंवा ६०० युरो. वादळासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर रक्कम मिळत नाही, तरी जेवण आणि मुक्कामाची सोय करणं बंधनकारक असतं. तुमचा मार्ग यात बसतो की नाही ते तुम्ही दिलेल्या माहितीवरून सांगता येणार नाही. काहीही असलं तरी उशिराचं कारण लेखी मागा, बोर्डिंग पास टाकू नका, आणि बोललेल्या माणसाचं नाव व वेळ टिपून ठेवा. माझ्याकडे या नोंदी होत्या म्हणून निदान पत्रव्यवहार तरी करता आला.

हे सगळं एका तिकिटावरच्या प्रवासाबद्दल. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर दुसरी कंपनी बांधील नसते, आणि मग मधे ५-६ तास ठेवण्यावाचून इलाज नाही.

आणि गेल्या वेळच्या घोळानंतर तुमचं परतीचं तिकीट रीतसर वापरलं गेलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर त्या तिकिटाचा १३ आकडी नंबर देऊन कंपनीकडे लेखी विचारा, प्रत्येक कूपनाची स्थिती काय दिसते म्हणून. न वापरलेल्या कूपनाचे निदान कराचे पैसे तरी काही वेळा परत मिळतात. उत्तर आलं की इथे लिहा, मी बघते.