आडनाव बदलू नकोस, भाडेकरार वाच

तुझे प्रश्न असे: कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला जात विचारतात का, निघायच्या आधी गॅझेट करून आडनाव बदलू का, आणि काही घडलंच तर तिकडे अ‍ॅट्रॉसिटीसारखं काही आहे का. शिवाय पप्पा म्हणतात, ‘तिकडे चळवळ-बिळवळ नको, शिकायला चाललास तर शिक.’ मी नाशिक रोडची, बरीच वर्षं ब्रॅम्प्टनला आहे. सातपूरचा मुलगा विचारतोय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आडनावाचं आधी उरकते. बदलू नकोस. दहावीच्या मार्कशीटपासून पासपोर्टपर्यंत सगळं एका नावावर आहे, ते मोडलंस तर डिग्रीची पडताळणी, व्हिसा, बँक, सगळीकडे प्रतिज्ञापत्रं देत बसशील. फायदाही काही नाही. इथल्या गोऱ्या माणसाला तुझ्या आडनावावरून काही कळत नाही आणि आपला माणूस आडनावावर थांबत नाही. मी नवीन असताना एका गणेशोत्सवात हातात मोदकाची प्लेट घेऊन एका काकांशी झालेलं बोलणं सांगते.

‘नाशिकच्या का? वा! नाशिकमध्ये कुठं?’
‘नाशिक रोड.’
‘हो, पण मूळ गाव?’
‘निफाड तालुका.’
‘मग द्राक्षबाग असेल.’
‘नाही, वडील सरकारी प्रेसमध्ये होते.’
‘अच्छा, प्रेसमध्ये. कोट्यातून लागले असतील.’

काका हसतच बोलत होते. पुढच्या वर्षीपासून कार्यक्रमाचा निरोप आला नाही, एवढंच. यावर कायदा काही करू शकत नाही आणि करावा असं मलाही वाटत नाही. कोणी कोणाला जेवायला बोलवावं हे सरकारनं ठरवू नये.

कायदा कुठे लागतो ते मात्र पाठ करून ये. ऑन्टारियोचा, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्याचा, मानवाधिकार कायदा नोकरी, घर, सेवा, करार आणि कामगार संघटना किंवा व्यावसायिक संस्थांचं सदस्यत्व एवढ्या क्षेत्रांत चालतो. त्यात ‘जात’ हा शब्द नाही. पण ऑक्टोबर 2023 मध्ये इथल्या मानवाधिकार आयोगानं भूमिका जाहीर केली की वंश, पूर्वज, वांशिक मूळ, धर्मश्रद्धा या आधीपासून असलेल्या आधारांत जातीवरून होणारा भेदभाव येतो. त्याच महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्नियात दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं जातविरोधी विधेयक गव्हर्नरनी परत पाठवलं. कारण काय, तर आधीचे कायदे पुरेसे आहेत! तेच वाक्य एकीकडे दार बंद करायला वापरलं, दुसरीकडे दार कुठे आहे ते दाखवायला. सिअ‍ॅटल शहरानं फेब्रुवारी 2023 मध्ये कायद्यात थेट ‘जात’ हा शब्द घातला. अमेरिकेतलं ते पहिलं शहर. मला विचारशील तर शब्द असलेला बरा. नसला की समोरच्या वकिलाला आधी जात म्हणजे काय हे शिकवण्यातच दम जातो.

अ‍ॅट्रॉसिटी मात्र डोक्यातून काढ. इथे एफआयआर नाही, अटक नाही. मारहाण किंवा धमकी असेल तर पोलीस. बाकी भेदभावाची तक्रार मानवाधिकार ट्रिब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे जाते, आयोगाकडे नाही. हा गोंधळ सगळे घालतात. शेवटच्या घटनेपासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. मोफत कायदेशीर मदतीचं सरकारी केंद्र आहे, तिथे आधी फोन करायचा. स्टुडंट व्हिसावर आहेस म्हणून तुझा हक्क कमी होत नाही आणि तक्रार केली म्हणून सूड उगवणं हाही त्याच कायद्याचा भंग आहे. बँक, टेलिकॉम, विमान कंपनीत लागलास तर प्रकरण प्रांताच्या नाही, कॅनडाच्या केंद्र सरकारच्या कायद्याखाली जातं, तेवढं ध्यानात ठेव. मिळतं काय? कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2023 मध्ये एका टॅक्सीचालकाला जातीवाचक शिवी दिल्याबद्दल तिथल्या ट्रिब्युनलनं नऊ हजार डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. रक्कम फार मोठी नाही, पण जातीवरून झालेला अपमान हा मानवाधिकाराचा भंग आहे असं निकालात आलं, ते मोठं.

आता घर, कारण तुझी पहिली ठेच तिथेच लागायची. ‘शुद्ध शाकाहारी, चांगल्या फॅमिलीतला मुलगा हवा’ अशा जाहिराती दिसतील. फोनवर आडनाव, मग ‘पूर्ण नाव’, मग ‘घरी कोणाची पूजा करता’. इथे एक मेख आहे, ती नव्या मुलांना कोणी सांगत नाही: घरमालक किंवा त्याचं कुटुंब त्याच घरात राहत असेल आणि स्वयंपाकघर किंवा बाथरूम तुला त्यांच्यासोबत वापरावं लागत असेल, तर घराबाबतचं संरक्षण लागू होत नाही. बेसमेंट वेगळं, चूल वेगळी, न्हाणी वेगळी असेल तर होतं. स्वस्त पडते म्हणून मुलं नेमकी मालकाच्या स्वयंपाकघरातली खोली घेतात.

पप्पांच्या मुद्द्याबद्दल. त्यांना सांग, तू काळारामाच्या गावचा आहेस. मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला आणि मार्च 1934 मध्ये बाबासाहेबांनीच त्यांना पत्र लिहून तो थांबवायचा सल्ला दिला: ताकद शिक्षणावर आणि राजकारणावर लावा. दार उघडलं नव्हतंच. पुढच्या वर्षी येवल्याला धर्मांतराची घोषणा. इथल्या मंडळांशी भांडत बसणाऱ्या आपल्या पोरांना मी हेच सांगते. काकांनी निरोप धाडावा म्हणून जीव आटवू नका. शाळेचा नियम, कंपनीचं धोरण, भाड्याचा कायदा, तिकडे वेळ घाला.

मार्च 2023 मध्ये टोरोंटोच्या जिल्हा शाळा मंडळानं जातिभेदाची दखल घेणारा ठराव केला आणि मानवाधिकार आयोगाला मदत मागितली. ठराव एका तमिळ सदस्येनं मांडला होता. आयोगाची भूमिका त्यानंतर आली. विरोधही जोरात झाला. यानं हिंदू मुलांवर ठपका बसेल, असं बरेच पालक मनापासून म्हणत होते. सगळ्यांना लबाड ठरवू नकोस. त्यांना सांगायचं की नियम कोणत्याही धर्माचं नाव घेत नाही. पंजाबी रविदासी, तमिळ ख्रिश्चन, नेपाळी, सगळ्यांना तो लागू आहे.

अशा कामात आपली मंडळी एका ठिकाणी अडकतात. भाषणाची तयारी करताना आमच्यातल्या एकानं मनुस्मृतीपासून सुरुवात केली, महाडपर्यंत येईतो वेळ संपला. सोबतची तमिळ बाई म्हणाली, ‘समोरच्यांना हे काहीच माहीत नाही. डबा खाताना मुलीला काय विचारलं, तेवढं सांगा.’ तिचं ऐकलं. एका आईनं चार वाक्यांत मुलीचं सांगितलं आणि पहिल्यांदा समोरून प्रश्न आले. जयंतीला तू येशीलच, पण अशा बैठकीलाही ये, टिपणं काढायला माणूस कमीच पडतो.

काही घडलं तर त्याच रात्री लिहून ठेव: तारीख, जागा, नेमके शब्द, कोण ऐकत होतं. शब्द मराठीत किंवा हिंदीत असतील तर तसेच लिही, भाषांतर नंतर करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नकोस. खोली ठरवायच्या आधी मालकाला विचार, किचन कोणाकोणाचं आहे, आणि उत्तर मेसेजवर घे. कराराचा फोटो मला पाठव, आगाऊ भाडं भरायच्या आधी.