नकाशात पाणलोट 'सुरक्षित', मग आमचं बोअर कोरडं कसं?

राम राम मंडळी. गेल्या पंधरा दिवसांत आलेले निम्मे प्रश्न पाण्याच्या आणि जमिनीच्या सरकारी अहवालांवरचे होते, म्हणून या खेपेला कीड-रोग बाजूला ठेवतो, करप्याचं पुढच्या वेळी बघू.

पहिला प्रश्न गर्भगिरी डोंगराच्या पायथ्याच्या एका दादांचा. त्यांनी लिहिलंय की दोन बोअर घेतले, एक साडेचारशे फूट आणि एक सातशे फूट, दोन्हीतून नुसती धूळ निघाली, बोअर कुठं घ्यायचा तो पॉइंट पाणाड्यानं हातावर नारळ ठेवून दिला होता. आता पोरानं मोबाईलवर भूजलवाल्यांचा अहवाल काढला तर त्यात आमचा पाणलोट (ज्याचं पावसाचं पाणी एकाच ओढ्या-नदीला जातं तो सगळा भाग) सुरक्षित दाखवलाय. "सुरक्षित आहे तर पाणी कुठं गेलं साहेब, का एसीत बसून नकाशे रंगवतात हे लोक?"

दादा, राग कळतो. सातशे फुटाचं बिल आमच्या घरानं पण भरलंय. मी शेतीची डिग्री घेऊन नोकरीला लागलेलो, तरी वडिलांनी पाणाड्या बोलावला आणि मी बाजूला उभा राहून गप्प बघत बसलो, त्यामुळे मी तुम्हाला शहाणपण शिकवणार नाही. पण अहवालात जे लिहिलंय ते खोटं नाही, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतोय एवढंच.

सुरक्षित याचा अर्थ पाणी भरपूर असा नाहीच. वर्षभरात जमिनीत जेवढं पाणी मुरतं त्यातलं किती आपण उपसतो, त्याची टक्केवारी काढतात. ७० टक्क्यांपर्यंत उपसा असला तर सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि शंभराच्या वर गेला की अतिशोषित. म्हणजे कणगीत दोन पोती बाजरी आणि खाणारं एकच माणूस, ते घर सुरक्षित. कणगीत वीस पोती पण खाणारी पंचवीस तोंडं, ते घर अतिशोषित. डोंगराकडचे कितीतरी पाणलोट सुरक्षित दिसतात ते याच्यामुळंच, तिथं खडकात पाणी धरायला जागाच कमी, विहिरी कमी, म्हणून उपसा पण कमी. तुमच्या पोरानं हिरवा रंग बघितला, कणगी किती मोठी ते बघायचं राहिलं.

दुसरं असं की पाणलोट म्हणजे तुमचा गट नंबर नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिला आपण सगळे जीएसडीए म्हणतो, ती १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिली. तिनं राज्याचे दीड हजाराच्या वर पाणलोट पाडलेत आणि एकेक पाणलोट सरासरी दोनशे चौरस किलोमीटरचा, म्हणजे वीस हजार हेक्टर झाले. त्यात कितीतरी गावं येतात. भूजलाचे जे रंगीत नकाशे आहेत ते बहुतेक एकास पन्नास हजार स्केलचे, त्यात एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. तुमचा एक एकर चौकोनी धरला तर बाजू साधारण ६४ मीटर, नकाशावर तो सव्वा मिलिमीटरचा ठिपका होतो, बॉलपेन टेकवला की शेत झाकलं. त्या ठिपक्यात बोअरचा पॉइंट शोधणं म्हणजे पंचांगात आपल्या म्हशीची विण्याची तारीख शोधण्यासारखं आहे.

पॉइंटच पाहिजे असेल तर जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात फी भरून अर्ज करा, ते रेझिस्टिव्हिटी मशीन घेऊन येतात, जमिनीत सळ्या ठोकून करंट सोडतात आणि खालच्या थरांचा अंदाज काढतात. अंदाजच असतो तो पण, गॅरंटी नाही. पण नारळापेक्षा बरा, आणि 'इथं घेऊ नका' हे ते तोंडावर सांगतात, पाणाड्या सहसा सांगत नाही.

आता खडकाचं बोलू, कारण खरी मेख तिथं आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, लाव्ह्याचे थरावर थर. वर मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, मध्येच कुठंतरी लाल मातीचा पट्टा, परत तोच क्रम. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड काळ्या पाषाणात पाणी नसतं, तिथं सातशे काय अन् हजार फूट काय, भेग लागली तर लागली. आपल्या भागात जे पाणी दरवर्षी पावसानं भरतं ते जास्त करून वरच्या थरात असतं, विहिरीच्या खोलीत. खाली एखाद्या सांध्यात लागलंच तर ते जुनं साठलेलं असतं, दोन-तीन हंगाम धो धो चालतं आणि एक दिवस मोटर हवा ओढायला लागते. आणि ते खोल बोअर पुष्कळदा वरच्या थराचं पाणी खाली ओढतं, मग शेजारच्याची चाळीस फुटी विहीर आटते आणि भांडण बांधावर येतं. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हणून वेगळं काढलंय ते उगाच नाही. बोअरच्या गाड्या काय करतात ते तुम्हाला पण माहितीये आणि मला पण.

हिशोब एकदा कागदावर करून बघा म्हणजे डोकं जाग्यावर येतं (माझं तरी आलं). समजा ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला दहावा हिस्सा मुरला, आपल्या खडकात एवढा मुरला तरी बरं म्हणायचं. म्हणजे मुरलं ५ सेंटीमीटर पाणी. आता रब्बीच्या कांद्याला पाण्याच्या दहा-बारा पाळ्या आणि एका पाळीला पाटानं ५ सेंटीमीटर धरलं तर लागतात ५० ते ६० सेंटीमीटर. म्हणजे तुमच्या एक हेक्टर कांद्यासाठी दहा-बारा हेक्टरवर मुरलेलं पाणी लागतं! बाकीच्या नऊ ते अकरा हेक्टरचे मालक काय करणार मग? हरभऱ्याला दोन-तीन पाळ्या, त्याला दोन-तीन हेक्टरचं पुरतं. ड्रिपनं कांद्याचा आकडा खाली येतो हे खरं, पण ड्रिप आल्यावर माणूस एक एकरचा दोन एकर करतो आणि होतं परत तेच, हे पण मी डोळ्यानं बघितलंय.

अजून एक गंमत. या खडकात पोकळी शंभरात दोनच्या आसपास, म्हणून जमिनीखाली मीटरभर पाणी उतरलं तर प्रत्यक्षात फक्त २ सेंटीमीटरचा थर कमी झाला. ५ सेंटीमीटरची एक पाळी दिली की त्या हेक्टरखालची पातळी अडीच मीटर उतरायला पाहिजे, आजूबाजूचं पाणी सरकून येतं म्हणून तेवढं दिसत नाही. आपल्या विहिरी श्रावणात कठड्याला येतात आणि माघात तळ दाखवतात त्याचं कारण हेच.

हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी गावाला हाच हिशोब लावून दिला. पावसाळा संपला की गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पिण्याचं आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर ग्रामसभेत पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर बंद. अटल भूजल योजना आली तेव्हा आपल्या राज्यातल्या १३ जिल्ह्यांत तीच पद्धत सरकारी कागदावर आली, गावाचा जलसुरक्षा आराखडा म्हणून. तुमचं गाव त्यात असेल तर तो आराखडा ग्रामपंचायतीत मागा. पुष्कळ ठिकाणी तो कपाटात असतो आणि चावी ग्रामसेवकाकडं.

याच्याच पोटात एकांनी विचारलंय की मोठं प्लास्टिकचं शेततळं करून त्यात बोअरचं पाणी भरून ठेवू का. पावसाचा वाहून जाणारा ओढा त्यात वळवत असाल तर जरूर करा. बोअर-विहीर उपसून भरणार असाल तर माझं मत विरोधात आहे, अनुदानाच्या कागदावर सही माझी असली तरी. सावलीतलं पाणी आणून उन्हात ठेवायचं झालं ते. तीस बाय तीस मीटरचं तळं, मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर उडालं तर रोज नऊ हजार लिटर ढगात. बागवाले म्हणतील की मग आमची बाग कशी जगवायची, त्यांचं पण चूक नाही, पण तो उपसा शेजाऱ्याच्या विहिरीतून होतोय हे बोलायला पाहिजे.

आता एका ताईंचा प्रश्न. त्यांच्या गावात मृदा सर्वेक्षणवाले येऊन गेले आणि नकाशात त्यांच्या शेतावर चौथा वर्ग लिहिलाय. जमीन नापीक ठरवली का, बँक कर्ज कमी देईल का, भाव पडेल का?

ताई, नाही. हे शाळेतल्या नंबरासारखं नाही. या पद्धतीत जमिनीचे आठ वर्ग असतात, पहिले चार नांगरायच्या जमिनीचे आणि पुढचे चार गवत, झाडं, कुरणाचे. चौथा म्हणजे शेती करा, पण सांभाळून. त्या आकड्यापुढं इंग्रजी अक्षर असतं ते वाचा, 'ई' असेल तर धूप, 'डब्ल्यू' असेल तर पाणी साचतं, 'एस' असेल तर मातीतच काहीतरी अडचण, उथळ आहे, खडे आहेत किंवा चोपण आहे. उपाय त्या अक्षरात आहे. पीककर्ज पिकानुसार ठरलेल्या दरानं मिळतं, या वर्गावर नाही, आणि सातबारावर तर हे चढतच नाही.

फक्त स्केल इथं पण बघा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोनं राज्याचा जो जुना नकाशा केला तो एकास अडीच लाखाचा, त्यात तुमचा एकर पाव मिलिमीटर, दिसणारच नाही. नवीन गावपातळीचं काम एकास दहा हजारावर होतंय, त्यात एकर सहा मिलिमीटरचा होतो, तो बराच कामाचा. तरी पण शेवटी टिकाव घ्या आणि शेतात तीन ठिकाणी कमरेएवढे खड्डे खणा, वरच्या अंगाला, मध्ये आणि खालच्या अंगाला. मुरूम कितीवर लागतो ते वितीनं मोजा. आमच्याकडं एका काकांनी मोसंबी लावली, पहिले चार वर्षं झाडं अशी की बघत राहावं, खाली दीड वितीवर मुरूम होता. २०१२ च्या दुष्काळात मराठवाड्यात आणि आपल्याकडं बागा जळल्या तेव्हा त्यांची सगळ्यात आधी गेली. त्याच बांधापलीकडं खोल काळ्या रानातली बाग टँकरवर का होईना, पण तगली. दीड वितीच्या रानात बाजरी, मटकी, हुलगा, फार तर सीताफळ. मोसंबीचा मोह आवरा.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. एकांची विहीर भूजलची निरीक्षण विहीर आहे, ते लिहितात की मोजायला यायच्या आदल्या रात्री मोटर चालू ठेवली तर पाणी खाली दिसेल आणि तालुक्यात टंचाई लागेल, करू का?

नका करू हो. ही मोजणी वर्षातून चार वेळा होते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. माणूस येतो, टेपला वजन बांधून सोडतो, खाली 'डुबुक' वाजलं की आकडा घेतो आणि त्यातून कठड्याची उंची वजा करतो. ऑक्टोबरचा आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी लावून बघतात, सोबत पाऊस बघतात आणि तालुक्यातल्या बाकीच्या विहिरी पण असतातच, त्यामुळे तुमची एकटी विहीर तीन मीटर खाली आणि आजूबाजूच्या सगळ्या वर असं आलं की ते लगेच डोळ्यात भरतं. आणि आज खाली दाखवलंत की पुढच्या पाच वर्षांची सरासरी खाली गेली, मग खरा दुष्काळ येईल त्या साली तुमची विहीर म्हणेल 'सगळं ठीक आहे', तेव्हा कोणाला सांगणार?

मोजणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपासून मोटर बंद ठेवा, पाणी थाऱ्यावर येऊ द्या. आणि मागच्या उन्हाळ्यात तुम्ही कठडा दोन फूट वाढवलाय असं त्याच चिठ्ठीत लिहिलंय, ते मोजणाऱ्याला आठवणीनं सांगा, नाहीतर तो जुनीच उंची वजा करेल आणि तुमची विहीर कागदावर उपसा न करताच दोन फूट खाली जाईल.