गाणं चालू असताना मध्येच ‘वा!’ का म्हणतात?

प्रिय मनू,

काल फोनवर तू विचारलंस, “आजोबांकडे रविवारी सकाळी त्यांचे मित्र जमतात, खरखरणारी जुनी गाणी लावतात आणि गाणं चालू असतानाच ‘वा’, ‘क्या बात है’ म्हणतात. आमच्या शाळेच्या कॉन्सर्टमध्ये असं केलं तर सगळे वळून बघतील. आणि एवढंच आवडतं तर एकमेकांना लिंक का नाही पाठवत?” घाईघाईत सांगण्याजोगं हे नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आधी ‘वा’चं सांगते. तुमच्या शाळेच्या ऑर्केस्ट्रात प्रत्येक सूर कागदावर लिहिलेला असतो आणि तो लिहिल्याबरहुकूम वाजवण्यातच कसब असतं. तिथे शांतता हवीच. ख्याल, म्हणजे आपलं शास्त्रीय गाणं गाणारा मात्र बंदिशीच्या, म्हणजे आधी बांधलेल्या गीताच्या दोन-चार ओळी घेऊन बसतो. बाकी सगळं त्याला तिथल्या तिथे सुचतं, समोर कोण बसलंय ते बघून सुचतं. एखादी जागा छान घेतली आणि समोरून दाद आली की गाणं खुलतं. (जागा म्हणजे गळ्यातून निघालेली ती छोटीशी करामत, जिने अंगावर काटा येतो.) दाद आलीच नाही, तर चांगला गवईसुद्धा कोमेजतो.

रेकॉर्डमधल्या गायकाला ही दाद ऐकू जात नाही, हे खरं आहे. ती शेजारी बसलेल्यासाठी असते. नवख्या माणसाला ती जागा कुठे आली हे दाखवायला याहून सोपी रीत नाही. मी लहान असताना अशीच तुझ्या आजोबांशेजारी बसून शिकले. कुणी मला राग समजावून सांगितला नव्हता. कुठे सगळ्यांचे हात वर गेले, ते बघत गेले.

येत्या रविवारी तूही एक कर. कुणीतरी तीनतालातलं गाणं लावतीलच. या तालाच्या मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, सोळा, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात उलटा, त्याला खाली म्हणतात. आजोबांच्या मांडीवरच्या हाताकडे नजर ठेव, ते हलकेच ताल धरतात. गायक कितीही लांब फिरून आला, तरी शेवटी मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडून पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर उतरतो. त्या क्षणी खोलीतल्या सगळ्या माना एकदम खाली येतील. तुझी मानही आपोआप खाली गेली की समज, तुला गाणं ऐकू यायला लागलं.

ती खरखर आहे ना, त्या तबकड्या लाखेच्या. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्यांना त्याचा अर्क तेवढ्यात उतरवावा लागे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान ही गायिका रेकॉर्डसाठी गायली, तेव्हा शेवटी ती आपलं नाव इंग्रजीत मोठ्यांदा सांगायची, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तिथल्या लोकांना आवाज कुणाचा हे कळायला हवं होतं. आजोबांना ती लावायला सांगच.

आता लिंकचं. आमच्या लहानपणी रेडिओवर ‘आपली आवड’ लागायचं. गाण्याआधी निवेदक फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायचे, गावांसकट. आपल्याला आवडणारं गाणं कुठल्या तरी गावातल्या अनोळखी माणसालाही हवं होतं, हे कळून इतकं बरं वाटायचं! कॉलेजात असताना मैफलींची प्रायव्हेट रेकॉर्डिंग्ज कॅसेटवर भरून घ्यायचे. ज्यांच्याकडे ती असत, ते कॅसेट नुसती हातात ठेवत नसत. आधी बसवून ऐकवत, “आता निषाद बघ” (म्हणजे ‘नी’ हा सूर) म्हणत, आणि मगच भरून देत. ती पद्धत मला आजही योग्य वाटते. लिंक येते आणि इतर शंभर गोष्टींखाली जाते. कुणी शेजारी बसून, आपला वेळ देऊन काही ऐकवलं, तर आपण ते शेवटपर्यंत ऐकतो. अनोळखी गाण्याला तेवढी एक संधी मिळायला हवी, कारण पहिल्यांदा ते कानाला बोचतंच.

गाणं कुठून कुणाच्या कानी पडेल याचा नेम नाही. भीमसेन जोशींनी लहानपणी दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली. तसं गाता यायला हवं या ओढीने १९३३ मध्ये ते गदगचं घर सोडून गेले. वय अकरा! पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्यांना गुरू लाभले, आणि गुरूंच्या स्मृतीसाठी भीमसेनजींनी १९५३ पासून पुण्यात महोत्सव सुरू केला. आजोबा दर डिसेंबरला शाल घेऊन जातात, तोच हा. या सगळ्याच्या मुळाशी एका रेकॉर्डची एक बाजू आहे.

आणि केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर या अवकाशयानांवर पृथ्वीचं संगीत पाठवायचं ठरलं, तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने केसरबाईंच्या भैरवीचा आग्रह धरला. ती तबकडी अमेरिकेत मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. साडेतीन मिनिटांची ती भैरवी आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचली आहे. यानं निघाली त्याच सुमारास, सप्टेंबर १९७७ मध्ये, केसरबाई गेल्या. मला यात सगळ्यात मोठं काम त्या आग्रह धरणाऱ्याचं वाटतं. त्याने ते गाणं मनापासून ऐकलं होतं आणि ते दुसऱ्यांनी ऐकावं म्हणून तो अडून बसला.

तू म्हणालीस, “माझी गाणी त्यांना आवडणारच नाहीत.” आधीच का ठरवतेस? तू सेलोवर बाख या जर्मन संगीतकाराचे जे सूट, म्हणजे एकट्या सेलोसाठीच्या रचना, शिकते आहेस, तेच ऐकव. पाब्लो कासाल्स या सेलोवादकाला तेराव्या वर्षी बार्सेलोनाच्या एका दुकानात त्यांची जुनी प्रत हाताला लागली आणि लोकांसमोर वाजवायच्या आधी त्याने बारा वर्षं त्यांचा रियाज केला, एवढं मराठीत सांग. रियाज म्हटलं की ते सरसावून बसतील. मग लाव आणि गप्प बस. संपल्याबरोबर “आवडलं का?” असं विचारू नकोस, त्यांना जरा वेळ दे. परत लाव म्हणाले तर मात्र दुसऱ्यांदा तुला आवडणारी जागा आली की हात वर कर.

एकच आठवण करून देते. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नकोस, त्यात सेलोचे खर्जातले सूर ऐकूच येत नाहीत. बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरला जोड. वायर टीव्हीखालच्या खणात आहे. नसेल तर मामाला माग.

तुझी,
आई