करारनाम्याआधी किती पैसे द्यावेत?

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ 40 लाखांचा फ्लॅट बघितलाय. बिल्डर 8 लाख आधी मागतोय, करारनामा नंतर करू म्हणतो. द्यावेत का?

उत्तर : मुळीच देऊ नका. 8 लाख म्हणजे 20 टक्के. 20 टक्क्यांची मर्यादा महाराष्ट्राच्या 1963च्या मोफा या जुन्या फ्लॅट-मालकी कायद्यातली. आता रेरा या 2016च्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून, म्हणजे 4 लाखांहून जास्त घेता येत नाहीत. स्टॅम्प पेपरवरची नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. लोक फसतात ते इथेच! करारनामा दुय्यम निबंधक कार्यालयातच नोंदवा, सूची क्रमांक 2 (नोंदणीचा उतारा, इंडेक्स 2) ताब्यात घ्या. त्याआधी महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख, कोर्टातले दावे तपासा. रोख देऊ नका. पावतीवर फ्लॅट क्रमांक आणि चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) लिहून घ्या.